कांगारू मंडळींसाठी एक छप्पर

मधलीचा पाय एका जागी ठरत नसे. जेवायला बसली, हजेरी घ्यायला उभी राहिली, कापणीच्या टेबलावर खडू घेऊन वाकली, तरी तिची उजवी टाच जमिनीवर ठोके देत राही, आणि माई मान वर न करता विचारीत, "मधले, त्या जमिनीनं तुझं काय घोडं मारलंय?" आता तिला पन्नाशी लागली होती, केस निम्मे पांढरे झाले होते, मुलाचे लग्न करून ती मोकळी झाली होती, पण टाच काही ऐकायला तयार नव्हती.

कारखाना माईंचा. जाड कॅनव्हासचे तंबू, दुकानांच्या पुढची छते, ट्रकांवरच्या ताडपत्र्या असे काम. नवरा गेल्यावर दोन यंत्रांवर सुरू केलेल्या त्या उद्योगाची आता एक लांबलचक खोली झाली होती: दोन्ही भिंतींना शिलाईची यंत्रे, मधोमध कापणीचे टेबल, आणि हवेत सदैव तरंगणारी सुताची बारीक लव. माईंनी तिन्ही मुलींना कामे वाटून दिली होती. ताई, म्हणजे थोरली, गिऱ्हाइके सांभाळी आणि तयार माल तपासी. धाकटी कार्यालयात फोन आणि कॉम्प्युटर घेऊन बसे. मधलीकडे कापणी आणि शिवणाऱ्या बायकांची शिस्त. ताईला विचारल्याशिवाय तिथे काही होत नसे, धाकटीला दुखवून काही होत नसे, आणि मधलीला ना विचारता ना दुखवता सगळे सुरळीत होत असे.

उन्हाळा सरता सरता वस्तीबाहेरच्या मोकळ्या मैदानावर तीन संध्याकाळी चालणारी संगीतसभा भरे. तिच्या रंगमंचावरचे छप्पर दरवर्षी माईंच्या कारखान्यातून जाई. फार पूर्वी, पहिल्याच सभेच्या आदल्या दिवशी, कुणा दुसऱ्याने शिवलेले छप्पर वाऱ्याने फाडून टाकले होते, आणि माईंनी चार बायका घेऊन एका दिवसात नवे उभे करून दिले होते. त्या उपकारापोटी समितीने शब्द दिला होता की छप्पर शिवणाऱ्याने शेवटच्या संध्याकाळच्या शेवटच्या कार्यक्रमासाठी आपल्या पसंतीचा कलावंत सुचवावा. त्याला सगळे छपराचा मान म्हणत. माई तो मान दरवर्षी न चुकता टपालखात्यातल्या निवृत्तांच्या बँडला देत. हे बँडवाले चार धुना वाजवीत, चारही सगळ्यांना पाठ. अलीकडे दोघांना उभ्याने वाजवणे जमत नसे आणि एकाची कवळी ट्रंपेटला मानवत नसे. तरी माईंचा शब्द तो शब्द.

कारखान्यातला रेडिओ खिडकीच्या फळीवर होता आणि त्यावर कोणती वाहिनी लागायची हे ताईने ठरवून दिले होते: संथ, एका चालीची, डुलकी येईल न येईल अशा बेताची गाणी. त्याला कारण होते. यंत्राच्या वेगाची पट्टी पायाखाली असते, आणि शिवणाऱ्या बाईचा पाय तिच्या नकळत गाण्यामागे जातो. गाणे धावले की शिवण धावते.

एके दिवशी रेडिओचे बटण लवीने पार बुजले. मधलीने यंत्र पुसायचा कुंचला घेऊन ते साफ केले, तेव्हा काटा दोन केस इकडे सरकला आणि खोलीत भलतेच काहीतरी शिरले. आरंभी एकटे व्हायोलिन, दूरच्या माळावरून कुणी गुरे हाकत चालल्यासारखे. मग गिटारींचा खरखरीत लोंढा. मग सगळे बाजूला सारून नाचघरात वाजतो तसला यंत्राचा ठेका, त्यावर घसा बसलेल्या एका बाईचे भांडल्यासारखे गाणे, आणि आता हा डोलारा कोसळणार असे वाटत असता कुठूनसा एक ट्रंपेट येऊन सगळ्यांना हाताला धरून बाहेर काढतो. निवेदकाने सांगितले की हा ऑस्ट्रेलियातला सहा जणांचा बँड आहे. रॉकवाले त्यांना लोकसंगीतात ढकलतात, लोकसंगीतवाले नाचघरात, आणि नाचघरवाले दाराबाहेर. ते सध्या दौऱ्यावर आहेत आणि लवकरच याच बाजूने जाणार आहेत.

मधलीने खडू खाली ठेवला. आपली टाच थांबली आहे, हे तिच्या फार उशिरा लक्षात आले.

त्या दिवसापासून तिला चैन पडेना. धाकटीने त्या बँडची सगळी गाणी शोधून मोबाइलवर घालून दिली, आणि ताई बाहेर गेली रे गेली की मधली तो मोबाइल खोलीतल्या स्पीकरला जोडी. बायकांनी पहिल्या दिवशी कानांवर हात ठेवले. सगळ्यांत जुनी शिवणारी, जिला तिच्या वेगामुळे सारे इंजिनकाकू म्हणत, ती म्हणाली, "मधल्या बाई, हे गाणं लागलंय की कुणाच्या घरची भांड्यांची फळी पडलीय?"

"अहो, पूर्ण तरी ऐका."

"पूर्ण पडल्यावर आवरायला कोण येणार?" खोली हसली. "कुठले म्हणालात हे? ऑस्ट्रेलियाचे? तरीच. एका जागी पाय टिकत नाही मेल्यांचा. कांगारू मंडळी!"

नाव चिकटले. हळूहळू गाणीही चिकटली. मात्र मधलीचे खोलीवर भागेना. कापडाचे गठ्ठे आणणाऱ्या ट्रकवाल्याला तिने गठ्ठे उतरवता उतरवता दोन गाणी ऐकवली. रक्तदाब तपासायला गेली तेव्हा डॉक्टरांना एक ऐकवले. डॉक्टरांनी रक्तदाब पुन्हा एकदा तपासला. विहीणबाईंना फोनवरून ऐकवले, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे काहीतरी तोडफोड चाललीय वाटतं, आपण नंतर बोलू." मधली हिरमुसली नाही. उभ्या आयुष्यात तिच्या वाट्याला आलेली एकही गोष्ट तिने निवडलेली नव्हती: काम माईंनी दिले, स्थळ मावशीने आणले, घराचा रंगसुद्धा नवऱ्याने उरलेल्या डब्यांतून ठरवला. हे सहा जण मात्र तिचे तिने शोधले होते. त्यांच्याविषयी कुणी वावगे बोलले की तिच्या कपाळाची शीर उडे, आणि कुणी चांगले बोलले तरी पुरेसे चांगले बोलले नाही म्हणून उडे.

धाकटीने एकदा सहज सांगितले, "अगं, त्यांच्या दौऱ्यात आपल्या सभेची शेवटची संध्याकाळ मोकळी दिसतेय." मधलीने तिथल्या तिथे तिच्याकडून त्यांच्या व्यवस्थापकाला विचारून घेतले. बोलावणे आले तर येऊ, असे उत्तर दुसऱ्याच दिवशी आले. आता बोलावणे येण्याची एकच वाट होती, आणि त्या वाटेवर माई बसल्या होत्या.

नेमके तेव्हाच सगळे बिनसले. छपराचे काम सुरू झाले होते. दोन लांबलचक पट्टे एकमेकांवर ठेवून इंजिनकाकू शिवत होत्या, मागून दुसरी बाई कापड ओढून धरीत होती, आणि स्पीकरवर कांगारू मंडळी. व्हायोलिनला इंजिनकाकूंचा पाय रमतगमत चालला, गिटारींना उधळला, नाचघराच्या ठेक्यात थरथरला. अशा शिवणीत खालचा पट्टा वरच्याखालून गुपचूप पुढे सरकतो, आणि ते कळते शेवटी. शेवट आला तेव्हा खालचा पट्टा संपला होता आणि वरचा हातभर उरला होता. साऱ्या शिवणीवर लुगड्याच्या निऱ्यांसारख्या चुण्या.

कॅनव्हासची शिवण उसवली तरी सुईची भोके बुजत नाहीत. दोन्ही पट्ट्यांच्या कडा कापून काढाव्या लागल्या आणि छप्पर तेवढे अरुंद झाले. ताईने ती कापलेली पट्टी माईंच्या पुढ्यात नेऊन टाकली.

"बघ, माई. ही हिची कांगारू मंडळी. अजून छपराची कण्याची, मधोमधची शिवण व्हायचीय. ती अशी गेली तर सगळं छप्पर टाकून द्यावं लागेल. आणि ही बया म्हणतेय की यंदा छपराचा मान त्यांना द्या!"

मधलीने अजून तसे धाकटीशिवाय कुणालाच म्हटले नव्हते. धाकटीच्या पोटात गोष्ट राहत नसे, एवढाच त्याचा अर्थ. पण आता शब्द बाहेर पडलाच होता.

"हो, म्हणतेय," मधली म्हणाली. "चूक गाण्याची नाही, ताई. आम्ही ते नीट ऐकलं नाही."

"शिवायला बसवलंय तुम्हाला, ऐकायला नाही."

माईंनी ती पट्टी डोळ्यांजवळ नेली, चुण्यांवरून नख फिरवले. माईंना ते संगीत कसे वाटे, हे विचारायची गरज नव्हती. स्पीकर चालू असला की त्या दारातूनच परत फिरत.

"गाण्याचा दोष नाही म्हणतेस?" त्या म्हणाल्या. "मग दाखव. कण्याची शिवण तेच गाणं लावून घालायची. सरळ आली तर यंदाचा मान तुझ्या माणसांना. वाकडी गेली तर टपालवाले, आणि त्या खोलीत यापुढं रेडिओसुद्धा वाजणार नाही."

"माई, सगळं छप्पर पणाला लावतेस?" ताई किंचाळलीच.

"छप्पर माझं आहे ना? मग?"

मधलीची झोप उडाली. तिने चिंध्यांच्या पट्ट्या काढून बायकांना सरावाला बसवले. चुण्या. पुन्हा बसवले. पुन्हा चुण्या. कानांत कापूस घालून शिवूया, असे एकीने सुचवले, तेव्हा मधली अशी काही तिच्या अंगावर गेली की त्या बाईने कापसाचा बोळा खिशात लपवला. "ऐकूनच शिवायचं! न ऐकता शिवलं तर त्यांची फजिती कशी टळेल?"

"त्यांची कसली? आपली टाळा," इंजिनकाकू पुटपुटल्या.

तिसऱ्या की चौथ्या सरावाला मधली स्वतः यंत्राच्या मागे कापड ओढायला उभी राहिली. कापड हातात धरले की गाणे कानांऐवजी बोटांतून येते. व्हायोलिन बोटांत लागत नव्हते, गिटारीही नाहीत, ती भांडखोर बाईही नाही. लागत होता तो अगदी तळातला एक जाड सूर, बास गिटारचा. आणि तो, तिच्या ध्यानात आले, गाणे सुरू झाल्यापासून बदललेलाच नव्हता. वरती पाहुणे येत होते, जात होते, कपडे बदलत होते, भांडत होते; खाली तो एकटा गृहस्थ त्याच पावलांनी चालला होता.

"काकू!" ती ओरडली. "खालचं ऐका! सगळ्यात खालचं! वरची गडबड जाऊ द्या, तो घुम्या कसा चाललाय बघा, त्याच्या मागं जा!"

"घुम्या कोणता?"

मधलीने हातानेच टेबलावर तो ठोका धरून दाखवला. इंजिनकाकूंनी डोळे मिटले, मान हलवली आणि पट्टीवर पाय ठेवला. गिटारींचा लोंढा आला तेव्हा त्यांचा पाय जरा चळला, मग सावरला. दोन्ही पट्ट्यांची टोके शेवटी एकमेकांना येऊन भेटली.

त्या दिवसानंतर खोलीत भलताच खेळ सुरू झाला. बायका म्हणू लागल्या, "आज माझा घुम्या हरवला होता गं मधेच," आणि दुसरी म्हणे, "ट्रंपेटच्या मागं लपतो तो, तिथं शोध." मधली त्यांना पुन्हा पुन्हा थांबवी, पुन्हा लावी, तपासणाऱ्या ताईच्या आधी स्वतः तपासी, आणि कशानेही तिचे समाधान होत नसे.

कण्याची शिवण घातली तेव्हा माई खुर्ची टाकून समोर बसल्या. गाणे पाच-सहा वेळा सलग वाजले. शिवण तेवढी लांब होती. माई अवघडून बसल्या, त्यांच्या चेहऱ्यावरची एक सुरकुती हलली नाही. शेवटी ताईने टोके जुळवून पाहिली, उलटी करून पाहिली, आणि ती बाजूला झाली.

"आली सरळ," माई म्हणाल्या. "तुझी निवड. समितीकडं तूच जायचंस. मी येणार नाही."

एवढ्यात कुठे संपायला? मधलीला वाटले होते, अवघड ते झाले.

समितीचे चिटणीस पेशाने दातांचे डॉक्टर, आणि बैठक त्यांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत भरे. समोरच्याने बोलायला तोंड उघडले की चिटणिसांची नजर आधी दाढांकडे जाई. खोलीत खजिनदार होते, आणि कोपऱ्यात टपालखात्याच्या बँडचे मास्तर, गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून. त्यांना पाहून मधलीचा अर्धा धीर सुटला. त्यांची जागा घ्यायला आपण आलो आहोत, हे तिने आजवर मनाला शिवू दिले नव्हते.

"ऑस्ट्रेलियाचे?" चिटणीस म्हणाले. "बरं. पण हे संगीत म्हणजे नक्की कोणत्या प्रकारचं, बाई?"

"सगळ्या."

"सगळ्या म्हणजे कुठल्याच नाही. पत्रकात काय छापू मी?"

"त्यांची गंमतच ती आहे, डॉक्टर. ऐका तरी." तिने मोबाइल टेबलावर ठेवला. खजिनदारांनी व्हायोलिनला हसून मान डोलावली, गिटारींना घाईने खिडकी लावून घेतली. चिटणीस घड्याळाकडे पाहत राहिले. बँडमास्तर डोळे मिटून ऐकत होते.

"ट्रंपेटवाला श्वास चुकीच्या जागी घेतोय," गाणे संपल्यावर ते म्हणाले. थोडे थांबून पुढे म्हणाले, "पण पोरगं दमाचं आहे. आमच्याकडं एके काळी होता असा एक."

चिटणिसांनी हात जोडल्यासारखे केले. "हे बघा, माईंचा आम्हाला आदर आहे. पण शेवटच्या संध्याकाळी कुटुंबंच्या कुटुंबं येतात, म्हातारी माणसं येतात. असं करू, तुमच्या पाहुण्यांना दुपारी बसवू. जेवणाच्या वेळेला. कमी माणसं असतात, कुणाला त्रास नको."

"दुपारी? उन्हात?"

"छप्पर आहे की. तुम्हीच शिवलंय."

खजिनदार हसले. ते हसणे मधलीच्या वर्मी बसले. तिची टाच जमिनीवर वाजू लागली, आणि ती थांबवायला म्हणून की काय, ती उभी राहिली.

"छपराचा मान शेवटच्या संध्याकाळचा आहे. शेवटचा कार्यक्रम. शब्द तुमच्याच समितीचा."

"अहो, शब्द म्हणजे काही कायदा नव्हे."

"नसेल. मग छप्परही येणार नाही."

आपल्याच तोंडून हे बाहेर पडले, यावर तिचा विश्वास बसेना. चिटणिसांचे तोंड मात्र पुरते उघडे राहिले, दाढांसकट. सभा तोंडावर आलेली, दुसरे छप्पर शिवायला कुणाला सांगणार? आणि कारखान्याचेही वर्षातले सगळ्यांत मोठे काम ते. ते मोडण्याचा अधिकार तिला कुणी दिला होता? तिने मोबाइल उचलला, बँडमास्तरांना वाकून नमस्कार केला आणि निघाली. रस्त्यावर आल्यावर ती एका दुकानाच्या खांबाला धरून उभी राहिली. वर दुकानाचे छत होते. तेही त्यांच्याच कारखान्याचे. तिने सवयीने शिवण पाहिली.

कारखान्यात तिने जसे घडले तसे सांगितले. ताईने कपाळाला हात लावला.

"अगं, सहा परक्या माणसांपायी वर्षाचं काम घालवलंस? त्यांना तुझं नावसुद्धा ठाऊक नाही! कुणाला विचारलंस?"

"कुणाला नाही."

"ऐकतेस ना, माई? हिला आत्ताच्या आत्ता परत पाठव, क्षमा मागायला."

माई कापडाच्या गठ्ठ्यावर बसून सुया निवडत होत्या, वाकलेल्या एका डबीत, सरळ दुसऱ्या डबीत. त्यांनी एक सुई उजेडात धरली.

"मधले, तू धमकी दिलीस की निर्णय सांगितलास?"

मधली म्हणाली, "निर्णय."

"मग हात का कापतायत?"

"मला काय माहीत! तुझे नाही कापले कधी?"

माईंना असे उलट विचारण्याची त्या घरात रीत नव्हती. माई सुई सरळच्या डबीत टाकून म्हणाल्या, "हात न कापता एकही निर्णय सांगितला नाही मी."

फोन संध्याकाळच्या आधीच आला. धाकटी कार्यालयातून धावत आली. "माई, चिटणीस आहेत. तुझ्याशीच बोलायचंय म्हणतात, दुसऱ्या कुणाशी नाही."

माईंनी फोन कानाला लावला. "बोला, डॉक्टर... हो, सांगितलं तिनं... नाही, मला माझं मत विचारू नका, ते गाणं मला सोसत नाही... अहो, पण छप्पर यंदा तिचं आहे. तिच्याशी बोला." आणि त्यांनी फोन मधलीच्या हातात दिला.

चिटणिसांचा स्वर चावून चावून येत होता. संध्याकाळ द्यायला समिती तयार आहे, पण अट अशी: पहिल्या गाण्यातच निम्मे मैदान रिकामे झाले, तर छपराचा मान पुढच्या वर्षीपासून संपला. कायमचा. मधलीने माईंकडे पाहिले. माईंनी पाठ फिरवून पुन्हा सुयांत डोके घातले होते.

"चालेल," मधली म्हणाली.

त्यानंतरचे दिवस तिने कसे काढले, ते तिचे तिला ठाऊक. मैदानावर छप्पर चढले तेव्हा तिने चारही बाजूंनी त्याला प्रदक्षिणा घातल्या. कांगारू मंडळी एका धुळकट व्हॅनमधून आली: सहा दमलेली, साधी माणसे, गाणारी बाई तर एवढीशी, की हिच्यात तेवढे भांडण मावते कुठे असा इंजिनकाकूंना प्रश्न पडला. मधलीने त्यांच्याशी बोलण्यासाठी आठवडाभर चार वाक्ये घोकली होती. ऐन वेळी ती नुसती हात हलवून आली.

सूर्य मावळतीला लागला आणि त्यांनी आरंभ केला. आरंभाला तेच गाणे. व्हायोलिनवर मैदान सुखावून बसले. आज्यांनी नातवंडांना मांडीवर घेतले. पुढच्या रांगेत माई ताठ बसल्या होत्या, एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला चिटणीस. मधलीला बसवेना. पुढे काय येणार हे तिला ठाऊक होते, आणि ते येऊच नये असे आयुष्यात पहिल्यांदा वाटले.

गिटारी कोसळल्या. एक आजोबा उठले. त्यांच्यामागे त्यांचे सारे कुटुंब उठले. मग डावीकडची आख्खी रांग. आणि मग खुर्च्या सरकल्याचा आवाज गाण्यावरून ऐकू येऊ लागला.

"उठले!" चिटणीस माईंना म्हणाले. "बघा, उठले लोक. खुर्च्या रिकाम्या होतायत."

"अट मैदानाची होती, डॉक्टर, खुर्च्यांची नव्हे," माई म्हणाल्या. "पुढं बघा जरा."

पुढे, रंगमंचाच्या खाली, गर्दी साचू लागली होती. उठलेल्यांपैकी बरेच तिकडे वळले होते. इंजिनकाकू तिथे होत्या, कारखान्याच्या बायका होत्या, आणि बँडमास्तर एक हात कानामागे धरून ट्रंपेटवाल्याच्या अगदी समोर जाऊन उभे होते. पण सगळेच काही तिकडे वळले नव्हते. बाहेरच्या वाटेनेही माणसांची रांग लागली होती, चांगली लांब, आणि कोणती बाजू जड आहे ते कुणालाच सांगता आले नसते.

मधली तिथे पाहत उभी राहू शकली नाही. पदर खोचून ती मैदानाच्या कडेने जवळजवळ पळतच कुंपणाच्या दारापाशी पोचली आणि बाहेर पडणाऱ्यांच्या आडवी उभी राहिली.

"थांबा, अहो थांबा. हे एवढंच नाहीये. आता बदलेल."

"बाई, वाट सोडा. डोकं उठलं."

"उठणारच. माझंही उठलं होतं. एवढा ठेका संपू द्या, मग ट्रंपेट येतो. तो ऐका आणि मग खुशाल जा, मी स्वतः दार उघडते."

"तुम्ही यांच्यातल्या का?" त्या माणसाच्या बायकोने विचारले.

"नाही हो. यांना मी आणलंय."

बायको थबकली, तसा नवराही थबकला. नुसताच, मान वळवून. त्यांच्यामागे दोघी-तिघी थांबल्या, एक कुटुंब मात्र कडेने निसटले. मधली त्यांच्या मागे धावली, लहान मुलाला कडेवर घेतलेल्या बापाला तिने कोपराला धरले. तो रागावला, मग तिचा चेहरा पाहून काहीसा संकोचला. पाठीमागे रंगमंचावर ट्रंपेट सुरू झाला होता, मैदानातून कसलासा मोठा आवाज उठला होता, आनंदाचा की वैतागाचा कोण जाणे. तिने वळून पाहिले नाही. दारातून आणखी चार माणसे येत होती.

"थांबा," ती त्यांना म्हणाली, "थोडं थांबा."